अकरा ओळी

लंबासा,
१४ सप्टेंबर

प्रिय लोसाना बाई,

तुमचं पत्र मिळून आज सतरा दिवस झाले. पाकिटावरचं अक्षर बघताक्षणी ओळखलं. फळ्यावर लिहायचात तसंच, उजवीकडे जरा वर चढत जाणारं. रेडिओ केंद्रातल्या आमच्या शिपायानं ते टेबलावर ठेवलं तेव्हा मी निधनवार्ता वाचायला आत निघाले होते. पाकीट तसंच हातात घेऊन आत गेले आणि तीन घरांची दुःखं, कोण कुणाचं कोण, चर्च कुठलं, माती कधी, सगळं न अडखळता वाचलं. मग बाहेर पायरीवर बसून पत्र फोडलं. तुम्ही डिसेंबरात निवृत्त होताय. फेब्रुवारीपासून विद्यापीठातला तुमचा संवादाचा विषय कुणीतरी हातात घ्यायला हवा. तुम्ही माझं नाव सुचवलंत आणि वरच्यांनी होकार दिलाय. पुढे तुम्ही लिहिलंय, "मी घडवलेली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी तू, वालेसी." हे एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फार आनंद झाला म्हणून नव्हे.

उत्तराला उशीर झाला त्याची माफी मागत नाही. मध्ये मला एका ठिकाणी जाऊन यायचं होतं, त्याबद्दल पुढे लिहीनच. तुम्ही विचारलंय म्हणून घरचं सांगते. आईचे गुडघे धरलेत, पण बाजारात दालोचे कंद विकायला बसणं तिनं सोडलेलं नाही. मी लग्न केलेलं नाही. काम बरं चाललंय. मागच्या वादळात हवामान खात्याकडून सूचना आली, "सखल भागातील रहिवाशांनी योग्य ती खबरदारी घ्यावी." मी ती तशी वाचली नाही. मी वाचलं, "नदीकाठच्या मंडळींनो, दुपारी तीनच्या आत शाळेत जा. म्हाताऱ्यांना आधी न्या. चादर आणि औषधं घ्या, बाकी काही घेऊ नका." माणसं गेली. केंद्रप्रमुख आधी चिडले, मग म्हणाले, कुठे शिकलीस गं हे? तुमचं नाव सांगितलं. सांगताना जीभ जड झाली, तरी सांगितलं, कारण ते खरंच होतं.

तुमचा पहिला तास मला अजून आठवतो. आम्ही चौदा जण वह्या उघडून बसलो होतो, आता व्याख्या येणार म्हणून. तुम्ही म्हणालात, "वह्या मिटा. बाजारात जा. कुणा एकाला विचारा, आज काय अडचण आहे. आणि परत येऊन त्याचे शब्द मला सांगा. तुमचे नकोत, त्याचे." मी एका भाजीवालीशी बोलून आले आणि ऐटीत म्हणाले, "तिची आर्थिक परिस्थिती बिकट आहे." तुम्ही विचारलंत, "असं म्हणाली ती?" मी म्हटलं, नाही, ती म्हणाली, छत्री मोडलीय आणि भिजलेला पाला कुणी घेत नाही. "मग छत्री कुठे गेली?" शाल्विन तर हसून हसून बाकावरून पडायच्या बेताला आला होता. पुढे वर्षभर तो मला आर्थिक परिस्थिती म्हणूनच हाक मारायचा. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिकलो.

बाकीच्या विभागांतले लोक आपल्याला हसायचे, तेही आठवतं. कॅन्टीनमध्ये वाङ्मयाचे एक सर मोठ्यानं म्हणाले होते, "ह्यांच्याकडे बोलायला शिकवतात म्हणे. आमची मुलं घरूनच शिकून येतात." तुम्ही चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, "हो ना सर. म्हणून तर तुमच्या तासाला झोपतात." आम्ही तुमच्यावर जीव टाकायचो. परिचारिकेनं नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी, सभेत चिडलेल्या माणसाला आधी बोलू कसं द्यावं, हे सगळं तुम्ही करून दाखवायचात. एकमेकांना पेशंट, साहेब, पोलीस करून आमच्याकडून घोटून घ्यायचात. हे कौशल्य आहे, सुताराच्या हातात असतं तसं, असं तुम्ही म्हणायचात. मी ते शंभर टक्के मानत होते. अजूनही मानते. नसते मानत तर हे पत्र लिहिणं फार सोपं गेलं असतं.

त्याच वर्षी विषय बंद करायचं घाटत होतं. मुलं कमी, खोली हवी होती संगणकवाल्यांना. आणि नेमकं तेव्हा सरकारच्या पुनर्वसन खात्याकडून वाइसेलेचं काम आलं. समुद्र चर्चच्या पायरीपर्यंत आलेलं गाव, ते उचलून मागच्या टेकडीवर न्यायचं. गावकऱ्यांशी बोलायचं, त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं आणि अहवाल द्यायचा. तुम्ही आम्हा चौघांना जिन्यात गाठून म्हणालात, "पोरांनो, हे नीट झालं तर आपण वाचलो." आपण म्हणजे आपला विषय. तेव्हा मला त्या वाक्यात काही खटकलं नव्हतं.

बारा दिवस राहिलो आम्ही तिथे. गेल्या गेल्या गावप्रमुखापुढे मानाची यंगोनाची मुळी ठेवून रीतसर परवानगी मागितली, सगळं तुम्ही शिकवलं होतं तसं. गावप्रमुख सेमेसा काका बोलायला मोकळे. टेकडीची जमीन त्यांच्याच घराण्याची, गावासाठी दिलेली, त्याचा त्यांना अभिमान होता. सभेत सगळे पुरुष बोलले. दाराजवळ बायका बसल्या होत्या, त्यांतली एकही बोलली नाही. शहरात वाढलेल्या कुणी त्याचा अर्थ होकार असा लावला असता. तुम्ही लावला नसता, बाई. तुम्ही पण गावातल्याच. आपल्याकडे बाई गप्प बसते तेव्हा ती काय म्हणत असते, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून बायकांबरोबर चटया विणायला बसायला लागले. सेमेसा काकांची थोरली वहिनी, उनाइसी. सत्तरी उलटलेली, पुढचे दोन दात पडलेले, हात मात्र माझ्या दुप्पट चालायचे. माझी विणलेली पट्टी ती रोज उसवायची. "विद्यापीठात हे शिकवत नाहीत का गं?" पाचव्या दिवशी तिनं पट्टी उसवली नाही. नुसती मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "ती टेकडी पाणी पिते. पिऊन पिऊन जड झाली की खाली बसते. मी एवढीशी होते तेव्हा बसली होती. माझ्या बापाची कसाव्याची बाग चालत चालत समुद्रापर्यंत आली. वरच्या अंगाला झरा आहे, तो पावसात गढूळ झाला की समजायचं." मी विचारलं, मग सभेत का नाही बोललीस? ती माझ्याकडे बघत राहिली, ही पोरगी एवढी कशी अडाणी, अशा नजरेनं. "जमीन माझ्या दिरानं दिलीय. सगळ्यांसमोर मी ती वाईट म्हणू? त्याची मान खाली घालू? घरात त्याला सांगितलंय मी. तो ऐकून घेतो नि उठून जातो. तू लिही. तू लिहिलंस की ते कागदाचं बोलणं होईल, माझं नाही होणार."

मी म्हटलं, लिहिते. तिच्यासमोरच लिहिलं, तिच्याच शब्दांत. अकरा ओळी झाल्या. तिनं वहीवर हात ठेवला, वाचता येत नव्हतं तिला, पण ठेवला.

विद्यापीठात, सुव्यात परतल्यावर तुमच्या खोलीतला तो दुपारचा तास मी हजार वेळा पुन्हा जगलेय. तुम्ही बिस्किटांचा डबा पुढे केलात. सहा पानांचा माझा मसुदा दोन पानांवर आणायचा होता. तुम्ही वाचत वाचत चौथ्या पानावर थांबलात. "वालेसी, हे काय?" मी सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात. "एका म्हातारीची साठ वर्षांपूर्वीची आठवण. आपण जमिनीचे तज्ज्ञ आहोत का? आपला अहवाल संवादाचा आहे. वाचणारा साहेब दोन पानं वाचतो. त्याला कळलं पाहिजे, गाव तयार आहे का नाही. एक अहवाल, एक मुद्दा." मी म्हटलं, पण बाई, तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "मग लिहू की. गाळायचं कुठे म्हणतेय मी?" आणि तुम्ही लाल पेनानं त्या अकरा ओळींवर एक तिरकी रेघ मारून शेजारी लिहिलंत, "काही ज्येष्ठ महिलांना जुन्या जागेची ओढ आहे. त्यांच्याशी अधिक आपुलकीने संवाद साधावा."

केवढं सुरेख वाक्य आहे, नाही? स्वच्छ, मऊ, कुणाला न दुखावणारं. नव्या जागेची भीती होती तिला. तुम्ही तिला जुन्या जागेची ओढ लावलीत.

तुम्ही विचाराल, मग तू तेव्हा का नाही भांडलीस? नाही भांडले. बरं बाई, म्हटलं. एवढंच नाही, ते वाक्य टाइप माझ्याच बोटांनी केलं. त्या कामाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. अहवाल वाचून खात्यानं मला कराराची नोकरी दिली, आणि तुमचा विषय बंद झाला नाही. उलट पुढच्या वर्षी चाळीस मुलं आली, आणि त्या वाङ्मयाच्या सरांनी जिन्यात तुमचं अभिनंदन केलं. आपण वाचलो, बाई.

टेकडी बसली ती गाव वर गेल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत. चार दिवस पाऊस होता. सकाळी साडेदहाची वेळ, पुरुष रानात, मुलं शाळेत. उनाइसी आणि तिची सून लितीया घरात होत्या. मी ऑफिसात होते. फोन शेजारच्या टेबलावर आला, आणि गावाचं नाव ऐकून मी खुर्चीतून उठले. शाल्विनला घेऊन मी मातीला गेले. सेमेसा काका नव्या चर्चच्या बाहेर उभे होते. अंगावर ओरडतील, हाकलून देतील, अशी तयारी करून गेले होते मी. त्यांनी मला बाजूला नेलं आणि अगदी हळू विचारलं, "तुला म्हणाली होती ना ती?" मी मान हलवली. "मलाही म्हणाली होती, पोरीनं वहीत उतरवून घेतलंय म्हणून. नंतर सरकारी माणसं आली, म्हणाली, जागा चांगली आहे, चला. मला वाटलं, कागदावर गेलंय, ह्यांनी वाचलंय, तरी चला म्हणतायत, म्हणजे तपासूनच म्हणत असतील. नाहीतर माझीच जमीन, मीच कसा म्हणू वाईट आहे? तुझ्या वहीत होतं म्हणून मी गप्प बसू शकलो, पोरी."

हे तुम्हाला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आपण तिथे गेलोच नसतो, तर कदाचित ती शेवटी सगळ्यांसमोर बोलली असती. दिराची मान खाली गेली असती, गावात चार दिवस कुजबुज झाली असती, आणि ती आज जिवंत असती. आपण गेलो, आपण नीट ऐकलं, फार छान ऐकलं, म्हणून ती गप्प बसली.

सरकारी चौकशीची तुम्हाला मी काय आठवण करून देऊ. तुम्ही निळा झगा घातला होतात. अध्यक्षांनी विचारलं, विद्यार्थ्यांकडून धोक्याची काही सूचना आली होती का? तुम्ही म्हणालात, "मुलं मन लावून काम करत होती, पण नवखी होती. असं काही माझ्यापर्यंत आलं नाही." आवाज अगदी शांत. प्रत्येक शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असा, तुम्ही आम्हाला शिकवला होतात तसाच. मी तिसऱ्या रांगेत होते. लाल रेघेचं ते पान माझ्या पिशवीत होतं, घडी करून. शाल्विन कोपरानं ढोसत होता, "ऊठ. ऊठ ना गं, बाई खोटं बोलतायत." मी उठले नाही. सगळ्यांसमोर आपल्या बाईंची मान खाली घालायची? मी दाराजवळच्या त्या बायकांसारखी बसून राहिले. आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ अध्यक्षांनी काय लावला, तो निकालात छापून आला. "विद्यार्थी गटाकडून स्थानिक माहितीची पुरेशी नोंद झाली नाही." खाली चार नावं, पहिलं माझं. माझा करार संपला आणि नवा आलाच नाही. शाल्विन ऑकलंडला निघून गेला. त्या दिवशी बाहेर पडताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "किती बारीक झालीस गं, खातेस ना नीट?" मी म्हटलं, हो बाई. तुमच्या त्या हाताचा मला अजून राग येतो. खोटं बोलण्यापेक्षा जास्त.

तरीही मी गप्पच राहिले असते. सहा वर्षं राहिलेच की. पण गेल्या वर्षी शाल्विनची मामेबहीण तुमच्या वर्गात होती. सुट्टीत लंबासाला आली तेव्हा मला कौतुकानं तिची फाइल दाखवत होती. त्यात आदर्श अहवालाचा नमुना म्हणून वाइसेलेची ती दोन पानं होती. गावाचं नाव खोडलेलं, बाकी जसंच्या तसं. ज्येष्ठ महिलांच्या वाक्याखाली मुलीनं पेन्सिलनं रेघ मारून समासात तुमचे शब्द लिहिले होते, "विरोध नोंदवण्याची सौम्य पद्धत." बाई, तुम्हाला माहीत होतं त्या वाक्याखाली काय पुरलंय. दोन बायका गेल्यावरही तुम्ही ते दरवर्षी चाळीस मुलांच्या हातात देत होतात. का? सवयीनं? की रोज वर्गात वाचून वाचून तुम्हाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं? मला खरंच ठाऊक नाही, आणि तुमच्याबद्दल मला ठाऊक नसलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

आता मी कुठे गेले होते ते सांगते. मागच्या आठवड्यात बोटीनं वाइसेलेला गेले. गाव आता तिसऱ्याच जागी आहे, रस्त्याच्या कडेला. सेमेसा काका थकलेत. त्यांना सगळं सांगितलं. लाल रेघेचं पान दाखवलं, टाइप मी केलं हेही सांगितलं, आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पान हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तो दोन पानांचा अहवाल आम्हाला तेव्हा का नाही दाखवलात?" मी म्हटलं, तसा नियम नव्हता. ते म्हणाले, "आमच्या तोंडचं घेऊन गेलात. तिथे त्याचं काय केलंत, ते परत येऊन वाचून दाखवायला काय झालं होतं? अर्ध्या दिवसाचा तर रस्ता. वाचलं असतंस तर वहिनी तिथल्या तिथे म्हणाली असती, हे मी बोललेच नाही." आणि मग म्हणाले, "जा, शिकव. तिचं नाव घेऊन शिकव."

बाई, तुमच्या साऱ्या नियमांत हा एक नियम नव्हता. ऐकावं कसं, लिहावं कसं, साहेबापुढे मांडावं कसं, सगळं होतं. ज्याचं ऐकलं त्याच्याकडे परत जाणं नव्हतं.

तर मी नोकरी घेतेय. विद्यापीठाला कालच होकार कळवला. तुम्ही मला माफीच्या बदल्यात हे देताय की गप्प बसण्याच्या बदल्यात, हे मी विचारणार नाही. दोन्हींसाठी घेत नाहीये. फेब्रुवारीतल्या पहिल्या तासाला मी मुलांना दोन कागद देईन. एकावर उनाइसीच्या अकरा ओळी, दुसऱ्यावर तुमचं वाक्य. गावाचं नाव असेल, तिचं आणि लितीयाचं नाव असेल, टाइप करणारी म्हणून माझं असेल, आणि लाल पेन कुणाचं होतं तेही असेल. चौकशीत मी उठले नाही हेही सांगेन. दोन्ही कागद चौकशीच्या कार्यालयातही जातील. पाकीट तयार आहे. ह्यासाठी तुमची परवानगी मागत नाही. मग एवढं लांबलचक पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. वर्गात मी जे सांगणार आहे ते हेच आहे, बाई, वरचं सगळं, ह्याच शब्दांत. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, म्हणून हे पहिलं तुम्हाला पाठवतेय. पाकीट मी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत टाकणार नाही. ह्यात कुठे तुमच्या तोंडी मी तुम्ही न बोललेलं घातलं असेल, तर खूण करून परत पाठवा. मी दुरुस्त करीन. लाल पेन वापरलंत तरी चालेल.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
तुमचीच,
मेरेवालेसी